नाकारता येत नाही

लिफ्टमध्ये त्याच्याआधी शिरलेल्या बाईने स्वतःसाठी चारचं बटण दाबलं आणि मग, त्याला काही न विचारता, त्याच्यासाठी सहाचं. बटणाकडे निघालेला त्याचा हात वाटेतच थांबला. ही बाई त्याने पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. तो या इमारतीत राहतही नव्हता. इथे राहायचा तो त्याचा थोरला भाऊ, आणि बाल्कनीतून पडून दादाला जाऊन आता दुसरा महिना चालू होता. अनोळखी माणसाला आपला मजला ठाऊक असणं ही तशी क्षुल्लक गोष्ट. पण तो नकळत एक पाऊल मागे सरकला. बाईने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर कुतूहल नव्हतं, कुतूहलाला निदान थोडी लाज असते. तिथे ओळख होती, घरच्यासारखी ऐसपैस. पोरगी कशी आहे, असं तिने विचारलं, फोटोत अगदीच सुकलेली दिसत होती. बरी आहे, तो म्हणाला. चौथ्या मजल्यावर उतरल्यावरही तिने दार पायाने अडवून धरलं आणि हल्ली तुमच्या खिडकीत दिवा दिसत नाही तो का, हेही विचारून घेतलं. पडदे शिवून टाकलेत, त्याने सांगितलं. दार मिटलं तेव्हा त्याला स्वतःचा असा काही संताप आला की कानशिलं तापली. विचारलं की उत्तर द्यायचं, आणि ते बरोबर द्यायचं. या एका सवयीने त्याने दादाला मेल्यावर पुन्हा एकदा खाली लोटलं होतं, आणि सवय अजून जिथल्या तिथे होती.

पडदे खरंच शिवलेले होते. रस्त्याकडच्या खिडकीचे दोन्ही पडदे वहिनीने मधोमध जाड दोऱ्याचे टाके घालून जोडून टाकले होते, आणि बाल्कनीच्या दाराला कपड्यांचं कपाट आडवं लावलं होतं. भर दुपारी घरात ट्यूबलाइट जळत होती. तिच्या पांढऱ्या उजेडात त्याची पुतणी जमिनीवर पालथी पडून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. पाय न वाजवता चालायची म्हणून घरात सगळे तिला मनी म्हणत; आता तर ती श्वाससुद्धा न वाजवता घेत असावी. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून, लांब पल्ल्याची भिंगं लावून, तिचा फोटो काढला गेला होता तो याच खिडकीतला. फोटोत तिचा एक हात काचेवर टेकलेला होता आणि तोंड किंचित उघडं होतं. ती त्या वेळी काचेवर बसलेली माशी बघत होती, असं तिनेच नंतर सांगितलं. फोटोखाली छापलेलं होतं : परत न येणाऱ्या बाबांची वाट पाहताना.

वहिनी आरशासमोर उभी राहून साडीला पिन लावत होती. आज वृत्तपत्र तक्रार मंडळापुढे सुनावणी होती. अर्ज तिनेच केला होता, त्याला न सांगता, आणि सही करायलाही त्याला बोलावलं नव्हतं. फक्त सुनावणीचं पत्र आल्यावर ते त्याच्यापुढे ठेवलं होतं. तिने आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. आज फार काही बोलायचं नाहीये, ती म्हणाली, मी असं म्हणालो नव्हतो, एवढं एक वाक्य. त्याने घसा साफ केला आणि काहीतरी सुरू केलं, पण तिने पिन दातांत धरून हात वर केला, आणि पिन लावून झाल्यावरच बोलली.

"भाऊजी, तुम्ही ते म्हणालात की नाही, हे मी तुम्हाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तुमच्या लॅबमध्ये तुम्ही हवं तितकं खरं बोला."

ती खरंच विचारत नव्हती. इतक्या दिवसांत तिने त्याच्यासाठी चहा केला होता, बँकेतली कामं सांगितली होती, एकदा त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणही लावून दिलं होतं. पण छापून आलेलं ते वाक्य तिने जेवणाच्या ताटातल्या केसासारखं, न बोलता, बाजूला काढून ठेवलं होतं. तो केस आपला आहे हे तिला माहीत आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

वाक्य त्याचंच होतं. दवाखान्याच्या तळघरात, शवागाराबाहेरच्या बोळात, तो लोखंडी बाकावर बसलेला होता. वहिनी आत, कागदांवर सह्या करत होती. मनीने त्याचा अंगठा मुठीत घट्ट धरला होता, इतका की पुढच्या पेराचा रंग बदलला होता, आणि रक्तपुरवठा किती वेळ बंद राहिला तर चालतो याचा तो विचार करत होता. डोकं अशा वेळी काय काय करतं याची त्याला नंतर लाज वाटली. शेजारी एक माणूस येऊन बसला. खांद्याला कापडी पिशवी, बारीक चौकटीचा शर्ट, आणि आवाज मऊ, एखाद्या चांगल्या डॉक्टरचा असावा तसा. त्याने मनीसाठी पेल्यात पाणी आणून दिलं. मग तो विचारू लागला : शेवटची भेट कधी झाली, कठडा किती उंच होता, स्टूल लाकडी की प्लास्टिकचं, दोरी नवीन होती की जुनी. प्रश्न एकामागून एक सुसंगत येत होते, आधीचं उत्तर नीट ऐकून पुढचा. आपण कोण, हे त्या माणसाने सांगितलं नाही, आणि याने विचारलं नाही. इतके व्यवस्थित प्रश्न विचारणारा माणूस चौकशीवरचाच असणार, असं तो धरून चालला. प्रयोगशाळेतला कुठलाही पोरगा असं काही धरून चालला असता तर त्याने त्याला सगळी चाचणी पुन्हा करायला लावली असती. शेवटी तो मऊ आवाज आणखी खाली आला आणि म्हणाला की त्यांनी मुद्दाम उडी मारली असेल, ही शक्यता तुम्ही पूर्णपणे नाकाराल का.

पूर्णपणे नाकारता येत नाही, तो म्हणाला होता. पुढचा अर्धा भाग जिभेवर तयार होता : पण तसं मानायला कोणताही आधार नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि आतून कुणीतरी त्याला बोलावलं. तो उठला. ते उरलेलं अर्धं वाक्य तेव्हापासून त्याच्या तोंडातच होतं. दात घासताना, रस्ता ओलांडताना, यंत्र सुरू करताना ते त्याला लागायचं, दाढेत अडकलेल्या तंतूसारखं, आणि ते बाहेर टाकायला जागा कुठेच नव्हती.

त्याचं काम तारा तोडायचं होतं. लिफ्टच्या, क्रेनच्या, पुलांच्या पोलादी तारांचे तुकडे त्याच्याकडे येत. तो ते यंत्राच्या जबड्यात अडकवून, तुटेपर्यंत ताणत असे, आणि किती ताणावर तुटले ते लिहून देत असे. ज्याने त्याला हे काम शिकवलं त्या म्हाताऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की आपल्या अहवालात 'सुरक्षित' हा शब्द कधी येता कामा नये. आपण तपासला तो तुकडा. लिफ्ट लटकणार ती न तपासलेल्या तारेवर. म्हणून लिहायचं, 'तपासलेल्या नमुन्यात दोष आढळला नाही.' पूर्ण नकार आणि पूर्ण होकार, दोन्ही देवाच्या खात्यात, म्हातारा म्हणायचा, आणि देव आपल्याकडे नोकरीला नाही. इतक्या वर्षांनी ही शिस्त त्याच्या हाडांत मुरली होती. दादा त्याची यावरून भरपूर टिंगल करायचा. दादा शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या जगात गोष्टी सिद्ध व्हायच्या. पाहुण्यांसमोर तो सांगायचा, याला विचारा जेवलास का, तर म्हणेल, जेवल्याची लक्षणं आहेत. मनी खदखदून हसायची. वहिनी म्हणायची, पुरे आता, त्याचं लग्न जुळायचं राहील अशाने. ते खरंच जुळलं नाही, पण त्याचा या सवयीशी संबंध होता असं खात्रीने म्हणता आलं नसतं. आणि हे त्याने बोलून दाखवलं तेव्हा दादा हसता हसता खुर्चीवरून घसरला होता.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर मथळा होता : पेपरफुटीतील शिक्षकाची आत्महत्या? आणि खाली, जाड अक्षरांत : 'शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही' – सख्खा भाऊ. त्या वर्षी गणिताची प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच बाहेर गेली होती. ती तयार करणाऱ्या सगळ्या शिक्षकांना चौकशीला बोलावलं होतं, तसं दादालाही एकदा बोलावलं होतं, आणि दुपारी जेवायला तो घरी परतला होता. एवढ्या भांडवलावर 'पेपरफुटीतील शिक्षक' झाला. पोलिसांनी पुढे अपघाती मृत्यू अशी नोंद करून प्रकरण मिटवलं, त्याची बातमी सातव्या पानावर, बुटांच्या जाहिरातीखाली आली. त्याने पहिलं पान पुष्कळ वेळा वाचलं, जसा एखादा अनपेक्षित निकाल वाचावा तसं, चूक कुठे आहे ते शोधत. चूक नव्हती. एकही विधान खोटं नव्हतं. मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे हातमोजा. तो चढवला की कशालाही हात घालता येतो, ठसे उमटत नाहीत. इमारतीच्या फोटोत सहाव्या मजल्याभोवती लाल वर्तुळ होतं आणि तिथून जमिनीपर्यंत तुटक रेघ ओढलेली होती, सरळ, ओळंब्यासारखी. त्याच्या मनात आधी आलं ते हे की रेघ चुकली आहे. उडी मारणारा माणूस पुढे जातो, त्याची वाट वाकते. तोल जाऊन पडणाराच असा भिंतीलगत, जवळजवळ सरळ पडतो. म्हणजे रेघ खरी मानली तर मथळा खोटा ठरत होता, आणि छापणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. मग त्याला उमगलं की आपण आपल्या भावाच्या पडण्याची आकृती तपासत बसलो आहोत, आणि त्याने अंक मिटून पालथा ठेवला.

त्यानंतर जे झालं त्याला हिंसा म्हणायची पद्धत नाही. दादाच्या शाळेने शोकसभा चौकशीचा निकाल लागेपर्यंत पुढे ढकलली. मुख्याध्यापकांनी फोनवर, अतिशय हळहळत, वातावरण ठीक नाही असं कळवलं. मनीच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर बाल्कनी काढली आणि खाली तुटक रेघ. तळमजल्यावर राहणारे निवृत्त इंजिनिअर, जे दादाबरोबर रोज सकाळी फिरायला जायचे, त्यांनी कठड्याची उंची टेपने मोजून वार्ताहराला सांगितली होती, आणि आपलं नाव छापून आलं म्हणून तो अंक जपून ठेवला होता. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत विषय बदलला जायचा, आणि तो बदलला जाताना स्पष्ट ऐकू यायचा. कुणाचंही वागणं शिक्षापात्र नव्हतं. प्रत्येकाने थोडं थोडं वजन टाकलं होतं. तार कुठल्या वजनाने तुटली हे विचारण्यात अर्थ नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

पण खरी घाण याच्याही आत होती, आणि ती त्याने कुणाजवळ उघड केली नव्हती. ते वाक्य बोलला तेव्हा ते केवळ एक रीत होती, अहवालाच्या तळाशी छापलेल्या ओळीसारखी. छापून आल्यावर ते खरं होऊ लागलं. मरणाच्या आधीच्या रविवारी दादाने त्याला फोन करून विचारलं होतं की नायलॉनची दोरी साधारण किती वजन पेलते. कपडे वाळत घालायची जुनी दोरी सैलावली होती, नवी बांधायची होती. त्याने जाडी विचारली, आकडा सांगितला, ओल्या चादरीचं वजन धरायला विसरू नकोस म्हणाला. एवढंच. आता तो फोन त्याला रोज ऐकू यायचा आणि रोज वेगळा ऐकू यायचा. मरायला निघालेला माणूस दोरी बदलत नाही. पण घरच्यांना अपघात वाटावा असं ज्याला वाटतं, तो बदलेल. दादाचा आवाज थकलेला होता का? फोन ठेवण्याआधी तो क्षणभर थांबला होता का, की मागे नळ चालू होता? त्याने कधी नव्हे ते दादाला शंकेच्या यंत्रात अडकवून ताणायला घेतलं होतं, आणि दादा काही तुटत नव्हता, आणि दोषही आढळत नव्हता. बातमी घरात दारातून शिरली नव्हती. ती त्याच्याच तोंडातून बाहेर पडून छापखान्यात फिरून, शाई लावून, पुन्हा त्याच्याच डोक्यात येऊन बसली होती, आणि आता तिथून निघायचं नाव घेत नव्हती. गच्चीवरच्या भिंगाला निदान पडदा शिवता येतो.

मंडळाचं कार्यालय एका जुनाट सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. मनीला बरोबर आणावं लागलं होतं. फोटो छापल्यापासून ती घरात एकटी राहत नव्हती. खोलीत हिरव्या कापडाचं लांब टेबल, झाकणं ठेवलेले पाण्याचे पेले, आणि वातानुकूलनाची अशी थंडी की वहिनीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मधोमध अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोन्ही बाजूंना सदस्य. समोर वृत्तपत्राचे सहसंपादक, आणि त्यांच्या शेजारी तो मऊ आवाज, तोच बारीक चौकटीचा शर्ट घालून. त्याने याच्याकडे पाहून ओळखीची मान हलवली.

सहसंपादकांनी सुरुवात केली. मुलीचा फोटो संकेतस्थळावरून सदिच्छेने काढून टाकलेला आहे, म्हणाले. सदिच्छेने, हा शब्द त्यांनी पेलाभर पाण्यासारखा पुढे सरकवला. फोटो रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाचा होता, त्यामुळे नियमभंग झालेला नव्हताच, तरीही. अध्यक्षांनी तेवढा भाग निकाली निघाल्याचं लिहून घ्यायला सांगितलं. कुणी माफी मागितली नाही आणि मागायला सांगितलंही नाही. मग वाचकांच्या जाणून घेण्याच्या हक्काबद्दल बराच वेळ बोलणं झालं. तो हक्क कुठल्या वाचकाने मागितला होता, एक तरी नमुना दाखवा, असं त्याला विचारायचं होतं. आता उरला मथळा. मंडळाचा नियम साधा होता : माणूस जे बोलला ते जसंच्या तसं छापलं असेल, तर त्यात विपर्यास नाही, बोललाच नसेल, तर वृत्तपत्राने खुलासा छापायचा. बोललेल्या माणसाला आपण कुणाशी बोलतो आहोत हे ठाऊक होतं का, यावर वार्ताहर म्हणाला की ओळखपत्र गळ्यात होतं. असेलही. त्याला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हणजे नव्हतं असं होत नाही. रेकॉर्डिंग आहे का, अध्यक्षांनी विचारलं. नाही, मृताच्या नातेवाइकांसमोर आपण यंत्र काढत नाही, तो माणूस म्हणाला, आणि हे त्याने खऱ्या सभ्यतेने म्हटलं. दुसरं कोणी ऐकलं होतं का? वार्ताहराने मागच्या बाकाकडे पाहिलं. मुलगी होती शेजारी, तो म्हणाला.

लहान मुलीला इथे काही विचारलं जाणार नाही, अध्यक्ष ताबडतोब म्हणाल्या, आणि त्यांनी चष्म्यावरून मुलीच्या काकाकडे पाहिलं. आता त्याने बोलायचं होतं. तो उठला. वाटेत त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं. ते वाक्य माझंच आहे, तो म्हणणार होता. पण त्याला दुसरं अर्धंही आहे, आणि ते मी आज इथे पूर्ण करतो. पुढे तो हेही सांगणार होता की या खोलीतल्या कुणाही माणसाबद्दल तोच प्रश्न मला विचारला, तर मला तेच उत्तर द्यावं लागेल. की प्रयोगशाळेतली सावधगिरी उचलून शवागाराच्या दारात वापरणं म्हणजे तुकडा एका तारेचा आणि निकाल दुसरीचा. हे ऐकून मंडळ काय करेल, याचा त्याला साधारण अंदाज होता : अर्ज फेटाळेल. वहिनी पुन्हा कधी त्याच्या शर्टाचं बटण लावणार नाही. दादाची शोकसभा होणार नाही. तरीही वाक्य पूर्ण होईल, कुठेतरी, एकदा. त्याने तोंड उघडलं.

"मी सांगते," मागून मनी म्हणाली.

ती उभी राहिली होती. भूगोलाच्या नकाशाचा निळा रंग अजून तिच्या करंगळीला होता. अध्यक्ष तिला काही बोलायची गरज नाही म्हणाल्या, बस बाळा म्हणाल्या. वहिनीने तिचा फ्रॉक ओढला. ती बसली नाही.

"काका काहीच म्हणाला नव्हता. यांनीच विचारलं आणि यांनीच म्हटलं, म्हणजे नाकारता येत नाही तर. काका कसा बोलेल? तो रडत होता. त्याला हुंदका लागला होता, मी माझं पाणी त्याला दिलं."

एका सदस्याने चष्मा काढून डोळे चोळले. तिचा काका रडलाच नव्हता. तिथे नाही, नंतरही नाही. पाणी मनीनेच प्यायलं होतं, शेवटच्या थेंबापर्यंत. पण पाण्याचा तो पेला इतका अचूक होता, इतका योग्य जागी ठेवलेला, की क्षणभर त्याला स्वतःच्या घशात त्याचा गारवा जाणवला. तिने नुसता नकार दिला नव्हता. नकाराला तिने चित्र जोडलं होतं. हे कुठे शिकली ती? आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याला उत्तर मिळालं. काचेवर हात टेकलेली, माशी बघणारी मुलगी, जिच्या खाली कुणीतरी एक ओळ लिहिली होती आणि जगाने ती खरी मानली. ते तिच्यावरच करून दाखवण्यात आलं होतं. तिने नीट पाहून घेतलं होतं.

वार्ताहराच्या चेहऱ्यावरचा मऊपणा प्रथमच गेला होता. तो मनीकडे पाहत नव्हता. याच्याकडे पाहत होता, थेट, डोळे न मिटता. ही मुलगी खोटं बोलते आहे, हे या खोलीत नक्की ठाऊक असलेली मोठी माणसं दोनच होती. अध्यक्षांनी त्याचं नाव घेऊन विचारलं की मुलगी म्हणते ते बरोबर आहे का. त्याच्या डोळ्यांसमोर उद्याचा अंक आपोआप छापला गेला, जाड अक्षरांत, हातमोज्यासह : मृत शिक्षकाच्या मुलीची मंडळापुढे खोटी साक्ष? आणि फोटो, शाळेच्या फाटकाशी काढलेला, आणि वर्तुळ.

"ती सांगते ते बरोबर आहे," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट होता, आकडे वाचून दाखवतानाचा. इतकं निःसंदिग्ध वाक्य तो आयुष्यात प्रथमच बोलला असेल. ते उच्चारायला काहीच कष्ट पडले नाहीत, याचं त्याला आश्चर्य वाटलं, आणि मग भीती. तोंडातला तो अर्धा तुकडा, पण तसं मानायला कोणताही आधार नाही, त्या क्षणी गिळला गेला. आता तो बोलायची वेळ कधीच येणार नव्हती, कारण ज्याचा तो उरलेला भाग होता ते वाक्य कधी उच्चारलंच गेलेलं नव्हतं. मंडळाने तसं लिहून घेतलं. खुलासा छापावा असं ठरलं. कुठल्या पानावर, हे ठरवण्याचा अधिकार मंडळाला नव्हता, तो संपादकांचा होता. सहसंपादकांनी मान तुकवली आणि सदिच्छा हा शब्द पुन्हा एकदा वापरला.

बाहेरच्या बोळात वहिनीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे त्याने दादा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ती त्याच्यावर विश्वास ठेवत होती. तिने पढवलेला नकार तिने ऐकला होता, आणि तो आपणच पढवला होता हे ती विसरून चालली होती. तिला ते कसं जमतं आहे, याचा त्याला हेवा वाटला. मग ती दादाच्या मुख्याध्यापकांना फोन लावत पुढे गेली. जिन्याशी तो वार्ताहर पिशवीचा पट्टा सारखा करत उभा होता. चुकवता आलं असतं. त्याने चुकवलं नाही. हा माणूस आता तरी काहीतरी किळसवाणं बोलेल, आपण त्याला मारू, आणि निदान एक गोष्ट सरळ होईल, असं त्याला वाटलं असावं.

"मी हे छापणार नाही, सर," तो माणूस म्हणाला. आवाज पुन्हा मऊ झाला होता. "पण पोरगी हुशार आहे हं. आमच्या धंद्यात आली तर नाव काढेल."

आणि तो उतरून गेला, हलक्या पावलांनी, दिवसाचं पुढचं काम असलेल्या माणसासारखा. मारण्याइतकं त्यात काही नव्हतं. दाद होती ती, जाणकाराची, आणि खरी होती.

बाहेर ऊन रखरखीत होतं. फूटपाथवर फळांचे रस विकणारा यंत्र फिरवत होता, वाहनं सिग्नलला अडून धुमसत होती, माणसं एकमेकांना ढकलत चालली होती आणि कुणीही त्यांच्याकडे वळून पाहत नव्हतं. वहिनी थोडी पुढे होती, फोन कानाला लावून, पाठ ताठ. शोकसभेसाठी ती वार सुचवत होती. मनी त्याच्या बाजूने चालत होती. तिने हात धरला नव्हता. मग तिने विचारलं की मी नीट बोलले ना. नीट बोललीस, तो म्हणाला. पण मी रडत होतो असं का सांगितलंस? तिने खांदे उडवले. नुसतं नाही म्हटलं तर कुणी ऐकत नाही, ती म्हणाली, आणि हे तिने कडवटपणे म्हटलं नाही, रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं असतं हे सांगावं तसं म्हटलं. रस्ता ओलांडून झाल्यावर तिने मागे वळून, आई ऐकत नाही ना हे पाहून घेतलं.

"बाबांचंही असंच सांगायचं ना? कुणी विचारलं तर?"

तो जागच्या जागी थांबला. मागून येणारा एकजण त्याच्या खांद्याला घासून, काहीतरी पुटपुटत गेला. तो तिच्यासमोर खाली बसला, रस्त्यात, गुडघे टेकून, आणि तिचे दंड धरले. त्याच्या सगळ्या आयुष्यात जमवलेली सावधगिरी, प्रत्येक 'आढळला नाही', म्हाताऱ्या साहेबांचा देव, नायलॉनच्या दोरीचा तो फोन, हे सगळं त्याने एका बाजूला लोटलं, जिवाच्या आकांताने लोटलं.

"बाबा पडला, मने. दोरी बांधत होता, स्टूल हललं, तोल गेला आणि पडला. त्याने उडी मारली नाही. शंभर टक्के."

मनीने त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहिलं, ओठ किंचित मुडपून, परीक्षेच्या आदल्या दिवशी दादा तिच्या वहीकडे पाहायचा तसं.

"हो, असंच," ती म्हणाली. "फक्त शंभर टक्के नको म्हणूस, काका. तिथे खोटं वाटतं."